वैद्यकीय शब्द शेवटाकडून वाचावेत : ग्रीक-लॅटिन मुळांची ओळख

तापीकाठ (चोपडा) :

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या तपासणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या माणसाला हातातल्या कागदावरची अक्षरे ओळखता येतात, परंतु 'हेपॅटोमेगॅली', 'नेफ्रोलिथियासिस', 'कोलेसिस्टायटिस' असे शब्द दिसले की वाचणे तिथेच थांबते. कागद घडी करून पिशवीत जातो आणि डॉक्टरांनी घाईत जे सांगितले, त्यावरच घरातली सगळी चर्चा चालते. मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. मराठी माध्यमातून शिकलेली मुले-मुली परिचर्या, औषधनिर्माणशास्त्र किंवा बीएएमएस अशा अभ्यासक्रमांना जातात आणि पहिल्या वर्षी याच शब्दांपुढे अडतात. बहुतेक जण ते पाठ करतात व परीक्षेनंतर विसरतात. हे शब्द फोडून वाचायचे असतात आणि समास फोडायला शिकलेल्या मराठी विद्यार्थ्याला ते काम इतरांपेक्षा सोपे जायला हवे, असे माझे ठाम मत आहे. म्हणून हा धागा काढतो आहे.

पहिली गोष्ट अशी की, शब्द शेवटाकडून वाचावा. तत्पुरुष समासात दुसरे पद मुख्य असते. 'राजवाडा' हा शेवटी वाडाच असतो, कोणाचा ते आधीचे पद सांगते. वैद्यकीय शब्दांतही शेवटचा भाग नेमके काय झाले आहे किंवा काय केले आहे ते सांगतो आणि आधीचा भाग ते शरीरात कुठे, हे सांगतो. शेवटी 'आयटिस' असेल तर दाह किंवा शोथ. 'मेगॅली' असेल तर अवयव वाढलेला. 'लिथियासिस' असेल तर खडे. 'एमिया' असेल तर रक्तासंबंधी काहीतरी. 'हेपार' म्हणजे यकृत, 'नेफ्रॉस' म्हणजे मूत्रपिंड, 'कोले' म्हणजे पित्त आणि 'किस्टिस' म्हणजे पिशवी, एवढे ठाऊक झाले की वरचे तिन्ही शब्द उलगडतात : यकृत वाढले आहे, मूत्रपिंडात खडे आहेत, पित्ताच्या पिशवीला सूज आहे.

'आयटिस' या प्रत्ययाचा इतिहास सांगण्याजोगा आहे. मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ दाह असा नव्हताच. तो केवळ 'अमक्याचा, अमक्यासंबंधीचा' असा अर्थ देणारा स्त्रीलिंगी विशेषणाचा प्रत्यय होता, आणि तो स्त्रीलिंगी असण्याचे कारण म्हणजे रोगासाठी असलेला 'नोसॉस' हा ग्रीक शब्द स्त्रीलिंगी आहे. 'आर्थ्रायटिस नोसॉस' म्हणजे सांध्यांचा रोग. पुढे 'नोसॉस' गळून पडला, विशेषण एकटे उरले आणि कालांतराने 'दाह' हा अर्थ त्याला चिकटला. दाहाची लक्षणे इसवी सनाच्या पहिल्या शतकात सेल्सस या रोमन लेखकाने लॅटिनमध्ये नोंदवली होती : रुबोर, टुमोर, कालोर, डोलोर, म्हणजे लाली, सूज, उष्णता आणि वेदना. त्यातला 'टुमोर' आज आपल्याला भलत्याच अर्थाने भीती घालतो, त्याविषयी पुढे कोणी विचारले तर लिहीन.

शस्त्रक्रियांच्या शब्दांत तीन शेवट एकमेकांसारखे दिसतात आणि तिथे गफलत होता कामा नये. 'टोमी' म्हणजे छेद देणे. 'एक्टोमी' म्हणजे छेदून बाहेर काढणे, कारण 'एक' या उपसर्गाचा अर्थ बाहेर. 'ऑस्टोमी'मध्ये 'स्टोमा' आहे, म्हणजे तोंड. तिथे शरीरावर नवे तोंड, नवी वाट केलेली असते. 'हिस्टेरेक्टोमी' म्हणजे गर्भाशय काढून टाकणे, आणि 'हिस्टेरोटोमी' म्हणजे गर्भाशयाला छेद देणे. संमतीपत्रावर सही करणाऱ्या बाईला आणि तिच्या घरच्यांना या दोन शब्दांतला फरक कळलाच पाहिजे. कागदावर तो फरक एका अक्षराचा वाटतो, आयुष्यात तो फार मोठा असतो.

आपल्याकडचा उन्हाळा आणि उन्हात राबताना पाणी कमी पिण्याची सवय पाहता, मुतखड्याचा रुग्ण नाही असे घर विरळाच. म्हणून एक लांब शब्द सरावासाठी घेतो : 'परक्युटेनियस नेफ्रोलिथोटोमी'. 'पर' म्हणजे मधून, 'क्युटिस' म्हणजे त्वचा, 'नेफ्रॉस' मूत्रपिंड, 'लिथॉस' दगड, 'टोमी' छेद. त्वचेतून थेट मूत्रपिंडात वाट करून खडा काढणे, ही सगळी शस्त्रक्रिया त्या नावातच सांगितलेली आहे. 'लिथोट्रिप्सी'मध्ये मात्र 'टोमी' नाही. 'ट्रिप्सिस' म्हणजे घासणे, चुरणे. तिथे खडा फोडून त्याचा चुरा केला जातो. खड्याच्या रुग्णाच्या सोनोग्राफीत 'हायड्रोनेफ्रोसिस' असाही शब्द पुष्कळदा येतो. 'हायडोर' म्हणजे पाणी आणि 'ओसिस' म्हणजे स्थिती; लघवीची वाट अडल्यामुळे मूत्रपिंडात मूत्र साचून ते फुगले आहे, एवढा त्याचा अर्थ. त्यात पाणी म्हणजे वेगळा कोणता द्रव शिरला, असे समजू नये.

ज्यांना एखादा शब्द अडला असेल त्यांनी तो येथे लिहावा, आपण मिळून फोडू.

शिरपूर_परिचर्या (शिरपूर) :

सर, लेख वाचून फार बरे वाटले. मी परिचर्येच्या दुसऱ्या वर्षाला आहे. माझी एक अडचण कायम राहिली आहे. मूत्रपिंडाच्या तज्ज्ञाला 'नेफ्रॉलॉजिस्ट' म्हणतात, पण मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीला 'रीनल आर्टरी' म्हणतात. फुप्फुसाच्या रोगाला 'न्यूमोनिया' आणि त्याच फुप्फुसाच्या धमनीला 'पल्मोनरी'. एका अवयवाला दोन-दोन नावे का, आणि कोणते कुठे वापरायचे हे कसे ठरवायचे?

तापीकाठ (चोपडा) :

प्रश्न अगदी मुळाशी जाणारा आहे, ताई. रोगांचे वर्णन करण्याची परंपरा युरोपात प्रथम ग्रीकांनी उभी केली. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेले ग्रंथ ग्रीकमध्ये आहेत आणि रोमच्या साम्राज्यात गाजलेला वैद्य गॅलेन हाही ग्रीकमध्येच लिहीत असे. त्यामुळे रोगांची, विकारांची आणि उपचारांची नावे ग्रीक मुळांवर उभी राहिली. पुढे युरोपात विद्वानांची सामायिक भाषा लॅटिन झाली. व्हेसालियसने मानवी शरीररचनेवरचा आपला मोठा ग्रंथ १५४३ मध्ये लॅटिनमध्ये प्रसिद्ध केला आणि शरीराच्या भागांची नावे प्रामुख्याने लॅटिनमध्ये स्थिरावली. १८९५ मध्ये बाझेल येथे या नावांची पहिली सर्वमान्य आंतरराष्ट्रीय यादी झाली, १९९८ मध्ये नवी यादी प्रसिद्ध झाली, आणि दोन्हींची भाषा लॅटिनच आहे.

म्हणून ढोबळ नियम असा : भागाचे नाव किंवा विशेषण असेल तर लॅटिन, रोगाचे किंवा शास्त्राचे नाव असेल तर ग्रीक. मूत्रपिंडाला लॅटिन 'रेन' व ग्रीक 'नेफ्रॉस'. फुप्फुसाला 'पुल्मो' व 'न्यूमोन'. त्वचेला 'क्युटिस' व 'डर्मा'. जिभेला 'लिंग्वा' व 'ग्लॉसा'. स्तनाला 'मामा' व 'मास्टॉस'. यातून 'मास्टायटिस' आणि 'मास्टेक्टोमी' हे शब्द ग्रीक का, ते लक्षात येते. अपवाद आहेतच. 'कार्डियाक' हे विशेषण असूनही ग्रीक आहे, आणि 'मॅमोग्राफी'त लॅटिन धड व ग्रीक शेपूट एकत्र आले आहे. 'सोनोग्राफी' हाही तसाच संकर : 'सोनुस' लॅटिन, 'ग्राफी' ग्रीक.

भुसावळ_औषधालय (भुसावळ) :

नमस्कार सर. माझे औषधांचे दुकान आहे आणि आपल्या धाग्यात मला चिठ्ठीवरच्या लॅटिनची भर घालावीशी वाटते, कारण ते रोज गिऱ्हाइकाच्या हातात असते आणि कोणीच ते लॅटिन आहे असे सांगत नाही.

'बीडी' म्हणजे 'बिस डिए', दिवसातून दोनदा. 'टीडीएस' म्हणजे 'टेर डिए सुमेन्डुम', दिवसातून तीनदा घ्यावे. 'एचएस' म्हणजे 'होरा सोम्नी', झोपेच्या वेळी. 'एसी' म्हणजे 'आन्टे सिबुम', जेवणाआधी, आणि 'पीसी' म्हणजे 'पोस्ट सिबुम', जेवणानंतर. लोक 'एसओएस' पाहून घाबरतात, त्यांना ती संकटाची हाक वाटते. प्रत्यक्षात तो 'सी ओपुस सिट' याचा संक्षेप आहे आणि त्याचा अर्थ 'गरज पडल्यास' एवढाच. म्हणजे ती गोळी रोज घ्यायची नाही, दुखले किंवा ताप आला तरच घ्यायची. 'ओडी'विषयी विशेष सांगतो. सर्वसाधारण चिठ्ठीवर तो दिवसातून एकदा या अर्थाने येतो, परंतु नेत्रतज्ज्ञाच्या कागदावर 'ओकुलुस डेक्स्टेर', म्हणजे उजवा डोळा, असा त्याचा अर्थ असतो आणि 'ओएस' म्हणजे डावा. थेंबांच्या बाटलीबरोबर तो शब्द आला तर औषधविक्रेत्याने तोंडी विचारून खात्री करावी, असे माझे मत आहे.

दुसरी गोष्ट 'हायपो' आणि 'हायपर' यांची. लिहिताना फरक कळतो, पण फोनवर बोलताना, त्यातही रुग्णाचा मुलगा खेड्यातून घाबऱ्या आवाजात बोलत असताना, 'हायपोग्लायसेमिया' आणि 'हायपरग्लायसेमिया' कानाला जवळजवळ सारखेच ऐकू येतात. पहिल्यात साखर उतरलेली असते, घाम सुटतो, हातपाय थरथरतात, आणि रुग्ण शुद्धीवर व गिळू शकत असेल तर लगेच साखर द्यावी लागते. दुसऱ्यात साखर चढलेली असते आणि तिथे साखर देणे घातक ठरते. मी माझ्या माणसांना सांगून ठेवले आहे की फोनवर हे शब्द वापरूच नयेत; 'साखर कमी' किंवा 'साखर जास्त' असे स्पष्ट मराठीत म्हणावे.

धुळेकर_वैद्य (धुळे) :

भुसावळकरांनी 'हायपो-हायपर'चा विषय काढला म्हणून लिहितो. मी आयुर्वेदाचा अध्यापक आहे. संस्कृत जाणणाऱ्या माणसाने ही मुळे निराळी म्हणून शिकूच नयेत, कारण त्यांतली पुष्कळशी त्याच्या घरातच आहेत. 'हायपर' हा संस्कृत 'उपरि'चा भाऊ आहे आणि 'हायपो' हा 'उप'चा. लॅटिनमध्ये तेच दोन शब्द 'सुपर' आणि 'सब' झाले. ग्रीकमध्ये 'हेप्टा', लॅटिनमध्ये 'सेप्टेम', आपल्याकडे 'सप्त'. जिथे लॅटिन व संस्कृतात 'स' आहे, तिथे ग्रीकमध्ये पुष्कळदा 'ह' येतो, हे ध्यानात ठेवले की अनेक जोड्या आपोआप जुळतात.

उपसर्ग पाहा. 'पेरिकार्डियम' म्हणजे हृदयाभोवतीचे आवरण. 'पेरि' म्हणजे 'परि' आणि 'कार्डिया' म्हणजे 'हृद्', म्हणून 'परिहृद' हा पारिभाषिक शब्द अक्षरशः तोच आहे. 'डिसेन्टरी'त 'डिस' हा आपला 'दुस्' आणि 'एन्टेरॉन' हे आपले 'अंत्र', ज्यापासून मराठीत आतडे आले. 'प्रॉग्नोसिस'मध्ये, म्हणजे रोग पुढे कसा जाईल याच्या अंदाजात, 'प्र' आणि 'ज्ञा' हा धातू स्पष्ट दिसतो. 'मेगॅली' म्हणजे 'महत्'. 'कार्डिओमेगॅली' असे क्ष-किरणाच्या अहवालात आले तर हृदयाचा आकार मोठा आहे, असे वैद्याने सहज वाचावे. 'डायरिया'मधला 'रिया' हा वाहण्याचा धातू आणि आपला 'स्रु', ज्यापासून स्राव होतो, हे एकाच मुळाचे आहेत. नकारार्थी उपसर्गाचा नियमही तोच. आपल्याकडे व्यंजनापूर्वी 'अ' आणि स्वरापूर्वी 'अन्' येतो : अशक्त, पण अनादर. ग्रीकमध्येही 'अफेझिया' (बोलता न येणे), पण 'अन्युरिया' (लघवी न होणे).

क्षयरोगाला जुन्या ग्रंथांत 'थायसिस' म्हणत. त्याचे ग्रीक मूळ झिजणे, नष्ट होणे या अर्थाचे आहे आणि ते संस्कृतातल्या 'क्षि' धातूशी सख्खे नाते सांगते. म्हणजे दोन दूरच्या प्रदेशांतल्या वैद्यांनी एकाच व्याधीला एकाच जुन्या धातूवरून, परस्परांना न विचारता, नाव दिले. मला हे फार हृद्य वाटते.

गिरणाकाठ_आप्पा (चाळीसगाव) :

वैद्यराज, तुमचे लेखन वाचून अभिमान वाटला. यावरून असे सिद्ध होते की ग्रीक आणि लॅटिन या भाषा संस्कृतातूनच निघाल्या आणि त्यांचे सगळे वैद्यक आपल्याकडूनच गेले. मग आपण परक्या मुळांचा अभ्यास का करावा?

धुळेकर_वैद्य (धुळे) :

आप्पा, आपल्या भावनेचा आदर ठेवून सांगतो, माझ्या उदाहरणांवरून तसे सिद्ध होत नाही. विल्यम जोन्स यांनी १७८६ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीत जे मांडले, ते असे की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातले साम्य योगायोगाने होण्यासारखे नाही आणि त्या तिघी एका सामायिक मुळापासून निघाल्या असाव्यात, जे मूळ बहुधा आज अस्तित्वात नाही. त्या बहिणी आहेत, आई-मुली नाहीत. पुढच्या दोन शतकांच्या अभ्यासाने हेच पक्के केले.

शिवाय प्रत्येक बहिणीने वारशाचे काय केले, हे वेगवेगळे आहे आणि तिथेच जपून चालावे लागते. ग्रीक 'न्यूरॉन' आणि संस्कृत 'स्नायु' एकाच मुळाचे आहेत आणि दोन्हींचा जुना अर्थ शिर, तंतू, कंडरा असा आहे. परंतु युरोपात 'न्यूरॉन' मज्जातंतूकडे गेला आणि मराठीत 'स्नायू' मांसपेशीकडे आला. नाते पाहून कोणी 'न्यूरायटिस'चे भाषांतर 'स्नायूंचा दाह' असे केले, तर ते साफ चुकीचे ठरेल. सुश्रुताचे किंवा चरकाचे मोठेपण त्यांच्या ग्रंथांत आहे. ते सिद्ध करण्यासाठी ग्रीकांचे श्रेय नाकारण्याची गरज नाही.

एक उदाहरण मात्र आपल्या समाधानासाठी देतो. ग्रीकांनी 'डायबिटीस' हे नाव दिले, त्याचा अर्थ 'आरपार वाहून जाणारा', कारण रुग्ण पाणी पितो आणि ते मूत्रावाटे निघून जाते. त्या नावात गोडवा नाही. 'मेलिटस', म्हणजे मधासारखा गोड, हे विशेषण युरोपात फार नंतर जोडले गेले. आपल्या 'मधुमेह' या नावात ती गोडी प्राचीन काळापासून आहे आणि 'मेह'मधला 'मिह्' धातू लॅटिनमधल्या मूत्रविसर्जनाच्या धातूचाच भाऊ आहे.

अक्राणी_आरोग्य (धडगाव) :

मी सातपुड्यात आरोग्यसेविका म्हणून काम करते. आमच्याकडे घराघरांत पावरी आणि भिलोरी बोलली जाते, मराठी ही शाळेची भाषा आहे आणि तिच्यावर हे ग्रीक शब्द येऊन बसतात. म्हणून मला या धाग्यातून एक गोष्ट ठळकपणे सांगायची आहे. 'ॲनिमिया' या शब्दाची फोड 'रक्त नसणे' अशी होते आणि ती खरी आहे. परंतु रक्त का कमी आहे, हे त्या शब्दात कुठेही सांगितलेले नाही.

आमच्या भागात सिकल सेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. १९१० मध्ये शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी एका रुग्णाच्या रक्तात विळ्याच्या आकाराच्या पेशी पाहून त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यावरून हे नाव पडले. हा आजार आईवडिलांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या दोषामुळे होतो. लोहाच्या कमतरतेचा ॲनिमिया आणि सिकल सेलचा ॲनिमिया यांचे शेवटचे पद एकच असले, तरी कारण वेगळे आणि उपचारही वेगळे. 'ॲनिमिया' एवढेच ऐकून घरचे लोक दुकानातून रक्तवाढीची बाटली आणतात आणि सिकलच्या रुग्णाला महिनोन्महिने पाजतात. ज्याला वरचेवर रक्त चढवावे लागते, त्याच्या शरीरात लोह आधीच साठत असते. म्हणून डॉक्टरांना विचारल्याशिवाय सिकलच्या रुग्णाला लोह देऊ नये, हे मी प्रत्येक घरी सांगते.

सिकल सेलच्या तपासणीतल्या 'इलेक्ट्रोफोरेसिस' या शब्दाचा मला खूप उपयोग झाला. 'फोरेसिस' म्हणजे वाहून नेले जाणे. वेगवेगळ्या प्रकारची हिमोग्लोबिने विजेच्या साहाय्याने वेगवेगळ्या अंतरापर्यंत वाहून नेली जातात, म्हणून 'एएस' आणि 'एसएस' वेगळे ओळखू येतात, असे सांगितले की लोकांना पटते की आधीची साधी चाचणी पुरेशी का नाही. 'एएस' म्हणजे वाहक आणि 'एसएस' म्हणजे रुग्ण. दोन्ही जोडीदार वाहक असतील, तर प्रत्येक गर्भारपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के असते. लग्न जमवताना हा कागद पाहावा, असे आता तरुण मुले-मुली स्वतःहून म्हणू लागली आहेत.

तापीकाठ (चोपडा) :

ताई, आपण या धाग्याचा गाभाच मांडला आहे. मूळ आपल्याला 'कुठे' आणि 'काय' सांगते, 'का' सांगत नाही. तो प्रश्न डॉक्टरांनाच विचारावा लागतो. पण शब्द कळलेला माणूस तो प्रश्न विचारू शकतो. 'ॲनिमिया आहे' असे ऐकल्यावर 'कोणत्या कारणाचा?' असे ज्याने विचारले, त्याला मुळांचा उपयोग झाला, असे मी मानतो.

अमळनेर_वाचक (अमळनेर) :

सर, आईच्या अहवालात पाठीवरच्या गाठीला 'लायपोमा' म्हटले आहे. नातेवाइकांपैकी एकाने सांगितले की ज्या शब्दाच्या शेवटी 'ओमा' येतो तो कर्करोगच असतो. घरात कोणालाच झोप नाही. कृपया कोणीतरी सांगावे.

जळगाव_फिजिशियन (जळगाव) :

ताई, आपण आईंना आधी धीर द्या. 'लिपॉस' म्हणजे चरबी. 'लायपोमा' म्हणजे चरबीची साधी गाठ, ती सौम्य असते. ज्या डॉक्टरांनी तपासले त्यांचा सल्ला अंतिम मानावा, परंतु केवळ 'ओमा' या शेवटावरून घाबरण्याचे कारण नाही.

हा शेवट फसवा आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. 'ओमा' हा ढोबळपणे गाठ किंवा फुगवटा सुचवतो. 'हिमॅटोमा' म्हणजे मार लागल्यावर साकळलेले रक्त, तिथे पेशींची वाढ मुळीच नसते. 'ग्लॉकोमा' हा डोळ्यातल्या वाढलेल्या दाबाशी जोडलेला विकार आणि 'ट्रॅकोमा' हा पापण्यांच्या आतल्या अस्तराचा संसर्ग. दोन्हींत गाठ नाही. उलट 'लिंफोमा' आणि 'मेलॅनोमा' हे शब्द 'लायपोमा'सारखेच सौम्य वाटतात, पण ते कर्करोग आहेत. 'कार्सिनोमा' आणि 'सार्कोमा' हे निःसंशय कर्करोग. 'कार्किनॉस' म्हणजे ग्रीकमध्ये खेकडा, लॅटिनमध्ये तोच 'कॅन्सर', आणि आपल्या 'कर्करोग' या शब्दातही तोच खेकडा आहे. 'ट्यूमर'चा मूळ अर्थ वर सेल्ससच्या संदर्भात आला आहे, केवळ सूज. आजही ट्यूमर सौम्य असू शकतो. म्हणून अहवालात असा शब्द आल्यास 'बिनाइन' की 'मॅलिग्नंट' एवढा एकच पुढचा शब्द शोधावा. पहिल्यात लॅटिन 'बेने', म्हणजे चांगले, आणि दुसऱ्यात 'माले', म्हणजे वाईट, हे पद आहे.

शहादा_कापूस (शहादा) :

आमच्याकडे कापूस वेचताना आणि रात्री पाणी भरायला गेल्यावर सर्पदंश होतात. केसपेपरवर कधी 'न्यूरोटॉक्सिक', कधी 'हिमोटॉक्सिक' लिहितात. याचा अर्थ आम्हाला समजून काही फायदा आहे का?

जळगाव_फिजिशियन (जळगाव) :

भाऊ, फायदा आहे. 'टॉक्सॉन' म्हणजे ग्रीकमध्ये धनुष्य, आणि बाणाला लावायच्या विषावरून 'टॉक्सिक' हा शब्द विषासाठी रूढ झाला. मण्यार आणि नाग यांचे विष मुख्यत्वे मज्जातंतूंचा स्नायूंशी असलेला संबंध तोडते, म्हणून न्यूरोटॉक्सिक. घोणसाचे विष रक्त गोठण्याची क्रिया बिघडवते, म्हणून हिमोटॉक्सिक. मण्यारीच्या दंशात जागेवर सूज किंवा वेदना फारशी नसते, त्यामुळे लोक निश्चिंत राहतात. पण पापण्या खाली येऊ लागल्या तर ती धोक्याची खूण आहे. तिला 'टोसिस' म्हणतात, म्हणजे पडणे, आणि आपला 'पत्' धातू तोच आहे. घोणसाच्या दंशात हिरड्यांतून रक्त येणे किंवा 'हिमॅच्युरिया', म्हणजे लघवीतून रक्त जाणे, दिसू शकते. मात्र ही लक्षणे दिसेपर्यंत घरी थांबायचे नाही. दंश झाल्याबरोबर, बांधणे किंवा कापणे न करता, ज्या दवाखान्यात प्रतिसर्पविष उपलब्ध आहे तिथे पोहोचायचे. शब्दांचा उपयोग वाटेत काय दिसले ते डॉक्टरांना नेमके सांगण्यासाठी आहे.

तापीकाठ (चोपडा) :

डॉक्टरसाहेबांनी 'ओमा'बद्दल लिहिले, त्याला जोडून मुळांच्या मर्यादेची आणखी दोन उदाहरणे देतो. 'मलेरिया' हा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ 'वाईट हवा' असा आहे, कारण दलदलीच्या दूषित हवेने ताप येतो, अशी समजूत होती. डासाच्या शरीरात त्या परजीवीचा शोध रोनाल्ड रॉस यांनी १८९७ मध्ये सिकंदराबाद येथे लावला, त्यामुळे समजूत खोटी ठरली, नाव मात्र राहिले. 'आर्टरी'चेही तसेच आहे. मृतदेहातल्या धमन्या रिकाम्या दिसत, म्हणून त्यांतून हवा वाहते असे अनेक प्राचीन ग्रीक मानत. श्वासनलिकेला तर ते 'खरखरीत आर्टरी' म्हणत, आणि त्यातला 'खरखरीत' या अर्थाचा शब्दच आज 'ट्रॅकिया' म्हणून उरला आहे. नाव देणाऱ्याला त्या वेळी जे ठाऊक होते तेच नावात असते. त्यामुळे मुळांवरून शास्त्र शिकू नये. शास्त्र शिकताना मुळांचा आधार घ्यावा.

शिरपूर_परिचर्या (शिरपूर) :

सर, शेवटी एक शब्द मी स्वतः फोडून पाहते, तपासून सांगावे. वॉर्डात 'इसोफॅगोगॅस्ट्रोड्युओडिनोस्कोपी' असा शब्द आला होता. शेवटी 'स्कोपी' आहे, म्हणजे पाहणे. 'इसोफॅगस' म्हणजे अन्ननलिका, त्यात 'फॅगेन', खाणे, आहे. 'गॅस्टर' म्हणजे जठर. 'ड्युओडिनम' म्हणजे लहान आतड्याचा पहिला भाग, हे मला माहीत आहे, पण त्याचे मूळ सापडले नाही.

तापीकाठ (चोपडा) :

फोड पूर्णपणे बरोबर आहे, ताई. 'ड्युओडिनम' लॅटिन आहे आणि त्यात 'बारा' ही संख्या आहे, जी संस्कृतातल्या 'द्वादश'ची बहीण. अलेक्झांड्रियाच्या हेरोफिलस या ग्रीक वैद्याने आतड्याच्या या भागाला 'बारा बोटांचा' असे नाव दिले होते, कारण त्याची लांबी साधारण बारा बोटांच्या रुंदीइतकी भरते, आणि लॅटिनने त्याचेच भाषांतर केले. आता रुग्णाला सांगताना तुम्ही असे म्हणू शकाल की तोंडावाटे दुर्बीण घालून अन्ननलिका, जठर आणि आतड्याची सुरुवात पाहणार आहेत. त्यासाठी उपाशीपोटी यावे लागते, हेही त्याला सांगावे.